गेमसाठी मोठी हार्ड डिस्क घेताना: सांगलीकरांसाठी पायरी पायरीने

"मामा, सी ड्राइव्ह लाल झालाय, जागाच नाही. कुठला गेम उडवू?"

भाच्याचा हा फोन दर दोन-तीन महिन्यांनी ठरलेला असायचा. आता त्याचे मित्रही मलाच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

गेम उडवणं हा उपाय नाही, कारण चार महिन्यांनी तोच गेम परत खेळावासा वाटतो. हिशेब करून बघा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' ला १५० जीबी जागा लागते. घरात ५० एमबीपीएसची लाइन असेल आणि ती एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालली, तरी एवढं डाउनलोड व्हायला ६ तास ४० मिनिटं जातात. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागवणाऱ्याला ७५ दिवस लागतील. तोच गेम घरातल्या हार्ड डिस्कवर पडून असेल, तर एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर, आणायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मोठी डिस्क घ्यायची ती यासाठी.

मी पहिली डिस्क घेताना चुकलो होतो. काय चुकलं ते चौथ्या पायरीत येईल.

आधी हे जवळ ठेवा

- मदरबोर्डचं मॅन्युअल (हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या)
- कॅबिनेट उघडून काढलेले दोन-तीन फोटो: डिस्कची जागा, साटा पोर्ट (मदरबोर्डवर डिस्कची केबल लावायची जागा), एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या युनिटच्या) मोकळ्या वायरी
- साटा डेटा केबल (सुटी डिस्क घेतली तर बॉक्समध्ये बहुतेक वेळा केबल नसते)
- डिस्कला बसणारे जाड आट्यांचे चार स्क्रू आणि फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, आधीच उतरवलेलं
- खरेदीनंतर जपायचे कागद: जीएसटी बिल, त्यावर डिस्कचा सीरियल नंबर, आणि डिस्कच्या लेबलचा फोटो

१. किती टीबी हवी ते आधी मोजा

स्टीम किंवा एपिक (जिथून गेम घेता ती ॲप) उघडून तुमच्या गेमची यादी काढा आणि प्रत्येकापुढे जीबी लिहा. आजचे मोठे गेम १०० ते १५० जीबीच्या घरात असतात आणि जुने ३० ते ६० मध्ये भागतात. बेरजेत पुढच्या दोन वर्षांचे गेमही धरा.

दुकानात घ्याल त्या आकड्याएवढी जागा विंडोजमध्ये दिसत नाही. २ टीबीची डिस्क १.८१, ४ टीबीची ३.६३ आणि ८ टीबीची ७.२७ दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातही साधारण १५ टक्के जागा रिकामी सोडावी लागते. गेम अपडेट होताना स्टीम कधीकधी मोठ्या फाइली नव्याने बांधतं, आणि तेवढी मोकळी जागा नसेल तर अपडेट अर्ध्यावर थांबतं.

माझं मत सरळ आहे. बहुतेकांना ४ टीबी पुरते. खेळताना रेकॉर्डिंग करून व्हिडिओ साठवत असाल तरच ८ कडे बघा. आणि १ टीबीची हार्ड डिस्क नवी घेऊच नका, तेवढे पैसे एसएसडीत घाला. दुकानात किंमत विचारली की तिला टीबीने भागा. १ टीबीवाली एकूण रकमेत स्वस्त वाटते, पण दर टीबीमागे तीच सहसा महाग पडते.

२. कोणता गेम कुठे राहणार ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग "डिस्क स्लो आहे" म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आपल्या हरिपूरची हळदीची पेवं ऐकून असाल. जमिनीखालचं कोठार, वर्षानुवर्षं हळद सांभाळणारं. पण भाजीला चमचाभर हळद हवी म्हणून पेवात कोणी उतरत नसे, त्यासाठी चुलीशेजारी डबा असायचा. मोठी हार्ड डिस्क हे पेव आहे आणि एसएसडी हा डबा. दोन्ही लागतात आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत.

कारण समजून घ्या. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) डिस्कची चकती सेकंदाला १२० फेऱ्या मारते. म्हणजे एका फेरीला ८ मिलीसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय हेड त्या जागी सरकायला वेळ जातो. एक सलग मोठी फाइल असेल तर डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी सहज देते. पण इकडून थोडं, तिकडून थोडं असं वाचायचं झालं, तर सेकंदाला शंभरएक वेळाच जमतं. एसएसडीला हेच काम हजारो वेळा जमतं. आजचे मोकळ्या जगाचे गेम असंच तुकड्या-तुकड्याने वाचतात. गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता उशिरा उमटतो, भिंती धूसर दिसतात, चित्र अडकतं.

म्हणून 'बाल्डर्स गेट ३' आणि 'स्टारफील्ड' यांच्या किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलेली आहे. 'सायबरपंक २०७७' नेही २०२३ मध्ये हार्ड डिस्क किमान यादीतून काढली. असे गेम मोठ्या डिस्कवर फक्त ठेवा आणि खेळायची वेळ आली की एसएसडीवर हलवा. २०१८-१९ पर्यंतचे बरेच गेम हार्ड डिस्कवरूनच खेळता येतात, सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतात इतकंच.

तुमच्याकडे अजून एसएसडीच नसेल तर हा लेख इथे थांबवा आणि आधी ५०० जीबीची का होईना एसएसडी घ्या. मोठी डिस्क नंतर.

पीएस५ वाल्यांसाठी एवढंच: यूएसबीला लावलेल्या हार्ड डिस्कवरून पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे गेम तिथे साठवता येतात, खेळता येत नाहीत.

३. कॅबिनेट उघडून बघा

डेस्कटॉपची डिस्क ३.५ इंची असते. काचेच्या बाजूच्या नव्या कॅबिनेटमध्ये तिची जागा एसएमपीएसच्या शेजारी खाली लपलेली असते, आणि काही कॅबिनेटमध्ये नसतेच. तीन गोष्टी तपासा: डिस्कची जागा, मदरबोर्डवर रिकामा साटा पोर्ट, आणि एसएमपीएसमधून थेट आलेली साटा पॉवरची मोकळी वायर.

पॉवरची वायर कमी पडली की दुकानदार जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा छोटा अडॅप्टर देतो. त्यातले साच्यात ओतलेले स्वस्त प्रकार आतून शॉर्ट होतात, वितळतात, आणि डिस्क जळते. चालू होताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. तिथे वीस-तीस रुपयांची वायर नको.

आणखी एक खाच. कित्येक मदरबोर्डवर एम.२ ची (थेट मदरबोर्डवर बसणारी छोटी) एसएसडी लावली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्क लावली, फिरतेय, पण दिसत नाही, असं झालं की बहुतेकदा हेच असतं. कोणते पोर्ट बंद होतात ते मॅन्युअलमध्ये तक्त्यात दिलेलं असतं.

लॅपटॉप असेल तर बाहेरची डिस्क घ्यावी लागेल. खिशात मावणारी २.५ इंची डिस्क यूएसबीवरच चालते, पण हळू असते. मोठी ३.५ इंची वेगळ्या अडॅप्टरवर चालते. ती टेबलावरून हलणार नसेल तर हीच चांगली. केबल लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्येच लावा. यूएसबी २ मध्ये लावली तर १५० जीबी हलवायला तासाहून जास्त लागेल.

४. डिस्कचा प्रकार: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एवढंच म्हणालो, "४ टीबीची हार्ड डिस्क द्या." काउंटरवरच्या मुलाने मागच्या फळीवरून चंदेरी पिशवीतली डिस्क काढली, बिल केलं, मी घरी आलो. पिशवी फोडली, डिस्क लावली आणि मग सवडीने लेबल वाचलं. ती सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठीची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क होती. परत घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "सील फोडलंय, आता परत होत नाही. चालतीय ना?" चालत होती. पण एकीकडे अपडेट आणि दुसरीकडे खेळ असं झालं की दोन्ही रांगत होते.

आपल्याकडे हे घडण्याचं कारण साधं आहे. दुकानं, बंगले, गोडाऊन, सगळीकडे कॅमेरे लागले. त्यामुळे दुकानदाराकडे मोठ्या क्षमतेत तयार माल असतो तो सीसीटीव्हीचाच. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक, तोशिबा एस३०० या त्या मालिका. दिवसरात्र सलग व्हिडिओ लिहीत राहणं हे त्यांचं काम. त्यात त्या उत्तम आहेत, फक्त आपलं काम ते नाही.

दुसरी गोष्ट सीएमआर आणि एसएमआर, म्हणजे डिस्कवर माहिती लिहायच्या दोन पद्धती. हे शब्द बॉक्सवर सहसा मोठ्या अक्षरात नसतात. एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, घरावरच्या कौलांसारख्या. कमी जागेत जास्त मावतं, म्हणून स्वस्त पडतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कलाही एक तुकडा बदलायला शेजारचा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. वाचताना फरक जाणवत नाही. गेमचं मोठं अपडेट आलं की सुरुवातीला वेग बरा असतो आणि मग अचानक सेकंदाला दहा-वीस एमबीवर येऊन बसतो. सीएमआरमध्ये पट्ट्या सुट्या असतात, त्यामुळे ही भानगड नाही.

काय घ्यावं? गेम नुसते साठवून ठेवायचे असतील तर एसएमआर चालेल, आणि दुकानदार स्वस्तात देत असेल तर बिनधास्त घ्या. डिस्कवरूनच खेळायचं असेल, अपडेट नेहमी येत असतील, तर सीएमआरच घ्या आणि ७२०० आरपीएम मिळाली तर उत्तम. डब्ल्यूडी ब्लॅक ३.५ इंची आणि तोशिबा एक्स३०० या त्या प्रकारच्या मालिका. नासच्या (नेटवर्कवरून फाइली साठवायच्या यंत्राच्या) डिस्कपैकी सीगेट आयर्नवुल्फ आणि डब्ल्यूडी रेड प्लस सीएमआर आहेत आणि गेमलाही चांगल्या चालतात. नुसतं 'रेड' आणि 'रेड प्लस' यात गल्लत करू नका, नुसत्या रेडमध्ये २ ते ६ टीबीपर्यंत एसएमआर आहे. सीगेट बाराकुडाची ४ आणि ८ टीबीची ३.५ इंची डिस्क एसएमआर आहे. डब्ल्यूडी ब्लूमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. तिथे रंगावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत घ्या आणि कंपनीच्या साइटवरच्या यादीत बघा. २०२० मध्ये यावरून बरीच ओरड झाली, तेव्हापासून कंपन्या ही यादी उघडपणे देतात.

५. दुकानात काय विचाराल

मॉडेल नंबर घरून लिहून न्या. दुकानात नसेल तर "मागवून द्या, थांबतो" म्हणा. कोल्हापूर-पुण्याहून माल यायला एक-दोन दिवस लागतात. डिस्क वर्षानुवर्षं वापरायची आहे, दोन दिवसांची घाई कशाला?

पिशवी फोडण्याआधी काउंटरवरच लेबल वाचा. मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि उत्पादनाची तारीख बघा. सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. दोन मिनिटांचं काम आहे, मोबाइलवर होतं. वॉरंटी भारतात लागू आहे का आणि किती तारखेपर्यंत आहे ते तिथेच कळतं. बाहेरून आणलेल्या मालावर किंवा एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरबरोबर आलेल्या सुट्या डिस्कवर तुम्हाला वॉरंटी मिळत नाही. "वॉरंटी आमच्याकडून" असं कोणी म्हणालं तर तेच बिलावर लिहून मागा.

सेकंडहँड डिस्क विकायला येतात त्यातल्या बऱ्याच डीव्हीआरमधून निघालेल्या असतात. एक वर्ष म्हणजे ८,७६० तास. ३०,००० तास दाखवणारी डिस्क जवळपास साडेतीन वर्षं चाललेली असते, आणि तीही न थांबता.

ऑनलाइन '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' हजार-दोन हजारांत दिसली तर तिकडे फिरकू नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते विंडोजला खोटा आकडा सांगतं. फाइली जातात तशा दिसतात, उघडायला गेलं की रिकाम्या.

६. डिस्क बसवा

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीला बोट लावू नका. चारही स्क्रू लावा. दोन स्क्रूवर डिस्क थरथरते, आणि ती घरघर रात्रभर कानात राहते.

७. विंडोजला ओळख करून द्या

नवी डिस्क 'धिस पीसी' मध्ये दिसत नाही, घाबरू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. पहिलाच प्रश्न येतो: एमबीआर की जीपीटी? डिस्कचे भाग नोंदवायच्या या दोन पद्धती. जीपीटी निवडा. माझ्या भाच्याने एमबीआर निवडलं आणि ४ टीबीतली २ टीबीच वापरता आली, उरलेली काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' पडून होती. डिस्क रिकामी असेपर्यंत हे दोन क्लिकमध्ये बदलता येतं, पण गेम भरल्यावर सगळं पुसावं लागतं.

मग 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, आणि अक्षर द्या. मी 'जी' देतो. 'परफॉर्म अ क्विक फॉरमॅट' वरची टिक मात्र काढा. पूर्ण फॉरमॅटला ४ टीबीसाठी सात-आठ तास तरी लागतात, रात्री लावून झोपा. यात विंडोज डिस्कच्या प्रत्येक जागेवर लिहून बघतं, आणि खराब डिस्क पहिल्याच रात्री उघडी पडते.

८. तब्येत तपासा

सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. नव्या डिस्कवर 'पॉवर ऑन अवर्स' कालच्या रात्रीएवढेच हवेत. 'रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या खराब किंवा संशयास्पद जागांच्या मोजणीचे रॉ (मूळ) आकडे शून्य हवेत. हे रॉ आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, त्यामुळे काही ओळींत अक्षरं आणि मोठमोठे आकडे दिसून माणूस दचकतो. सेटिंगमधून दशमान करून घ्या.

या दोन ओळींपैकी एकीत जरी शून्याऐवजी काही दिसलं, तर स्क्रीनचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा. आठवडाभर थांबलात तर "तुमच्याकडे पडली असेल" हे ऐकावं लागेल. कानही द्या. हलकी कुरकुर चालते. ठरावीक अंतराने टक्... टक्... येत असेल तर डिस्क लगेच बंद करा.

९. गेम हलवा

फोल्डर कॉपी-पेस्ट करून ओढू नका. स्टीममध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज, तिथे नवा ड्राइव्ह जोडा. गेम निवडून 'मूव्ह' म्हणा. खेळून झाला की तसाच परत पेवात. मित्राकडे तोच गेम असेल तर दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडा. २०२३ पासून स्टीम गेम शेजारच्या कॉम्प्युटरवरून घेतं, नेटचा डेटा जवळपास लागत नाही. आमच्या बिल्डिंगमधली चार पोरं आता असंच करतात.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' हे २० मिनिटांवर असतं. ते वाढवा. नाहीतर खेळता खेळता डिस्क झोपते आणि ती जागी होईपर्यंत गेम काही सेकंद गोठतो.

१०. ऊन, वीज आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ४५ च्या आत ठेवलेली बरी. पुढचा फॅन डिस्कवरून हवा नेतोय ना, जाळी धुळीने बुजली नाही ना, ते दर महिन्याला बघा.

लाइट गेली की डिस्कचं हेड स्वतःहून बाजूला जातं, पण तेव्हा लिहिली जात असलेली फाइल अर्धी राहते. छोटा यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, त्यात बदल लवकर होतो. चालू डिस्क मात्र हलवायची नाही. बंद केल्यावरही चकती थांबेपर्यंत पंधरा सेकंद द्या.

आणि पाणी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सांगलीत कोणी विसरलेलं नाही. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मी कॉम्प्युटर बंद करतो आणि चार स्क्रू काढून डिस्क बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतो. पाच मिनिटं लागतात. गेम पुन्हा डाउनलोड होतील, पण तुमची सेव्ह फाइल होईलच असं नाही. सगळेच गेम सेव्ह क्लाउडवर ठेवत नाहीत. 'डॉक्युमेंट्स' मधला 'माय गेम्स' फोल्डर आणि 'ॲपडेटा' मधले गेमचे फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. माझा तो पेनड्राइव्ह रेशनकार्ड आणि घराच्या कागदांच्या पिशवीत असतो, कारण पाणी आलं की घरातून सगळ्यात आधी ती पिशवी निघते.